सभासद यादी कोणाच्या कपाटात?

जून सरत आला की गोव्यात संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सुरू होतात आणि गणेशचवथीपर्यंत चालू राहतात. वाचनालये, शिक्षण संस्था, नाट्यमंडळे, युवक संघ, महिला मंडळे, ज्ञातिसंस्था, सगळ्यांच्या. रविवारी सकाळी सभा होते आणि दोन दिवसांनी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते: कार्यकारिणीची बिनविरोध निवड. 'बिनविरोध' हा शब्द आपण कौतुकाने छापतो आणि कौतुकानेच वाचतो. गावात एकोपा आहे, भांडणतंटा नाही, असा त्याचा अर्थ लावतो. कधी तो खराही असतो. पण पुष्कळ ठिकाणी बिनविरोध निवड होते ती उभे राहू शकेल आणि मत देऊ शकेल असे दुसरे कुणी यादीत उरलेलेच नसते म्हणून.

संस्थेतली लोकशाही मतदानाच्या दिवसाच्या कितीतरी आधी, सभासद नोंदवहीत ठरते, असे माझे म्हणणे आहे. कोणाला आत घेतले, कोणाचा अर्ज पडून राहिला, कोणाचे नाव थकबाकीदार म्हणून गळले, हे त्या वहीत असते. आणि ती वही बहुतेक ठिकाणी सचिवाच्या घरच्या कपाटात असते. सभासदाने ती पाहायला मागितली तर समोरचा माणूस दुखावतो. 'आमच्यावर विश्वास नाही का?' हा प्रश्न येतो आणि विचारणारा गप्प बसतो.

कायद्याची बाजू आधी पाहू. गोव्यातल्या बहुसंख्य सामाजिक-सांस्कृतिक संस्था 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. सात माणसे एकत्र आली की संस्था उभी राहते. मूळ कायद्याच्या 4 थ्या कलमानुसार वार्षिक सभेनंतर 14 दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यावी लागते. 19 वे कलम तर फार मोलाचे आहे: निबंधकाकडे दाखल झालेली संस्थेची कागदपत्रे कुणीही माणूस पाहू शकतो, त्यासाठी तो सभासद असण्याचीही गरज नाही. मूळ कायद्यात याचे शुल्क एक रुपया ठेवलेले आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, परक्या राजवटीत लिहिलेल्या कायद्याने एवढे दार उघडे ठेवले. पण या सगळ्यात एक गोष्ट नाही. निबंधकाकडे जाते ती कार्यकारिणीची यादी. सभासदांची पूर्ण यादी दरवर्षी दाखल करण्याचे बंधन त्या मूळ कलमात नाही. म्हणजे संस्थेचा खरा मालक कोण, हे सांगणारा कागदच सार्वजनिक नजरेबाहेर राहतो, आणि जे काय व्हायचे ते तिथेच होते.

ते कसे होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. पहिली जागा म्हणजे प्रवेश. संस्थेच्या घटनेत लिहिलेले असते, 'कार्यकारिणीच्या मान्यतेने सभासद करून घेता येईल'. किती दिवसांत मान्यता द्यायची, नाकारली तर कारण द्यायचे की नाही, याविषयी एक अक्षर नसते. मग अर्ज नाकारला जात नाही, तो नुसता पडून राहतो. अर्जाची पोच दिलेली नसते, त्यामुळे अर्ज आलाच नाही असे म्हणता येते. वाड्यावरची वीस-पंचवीस वर्षांची मुले संस्थेचे स्टेज बांधतात, खुर्च्या लावतात, काल्याच्या नाटकाला पडदे ओढतात. त्यांतल्या कितींची नावे सभासद नोंदवहीत आहेत, हे एकदा मोजून पाहावे.

दुसरी जागा वर्गणीची. त्याच कायद्याच्या 15 व्या कलमानुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्याला मत देता येत नाही, आणि त्याची गणना सभासदांतही होत नाही. कलम रास्त आहे. जो वर्षाचे शंभर रुपये देत नाही त्याने संस्थेचा कारभार ठरवू नये, यात चूक काही नाही. पण वर्गणी गोळा करणारा माणूस कार्यकारिणीचाच असतो. तो आपल्या माणसांच्या घरी पावतीपुस्तक घेऊन जातो, दुसऱ्यांच्या घरी जात नाही. कुणी स्वतःहून पैसे द्यायला गेला तर 'पुस्तक संपलंय, नंतर घेतो' असे उत्तर मिळते. सभेच्या दिवशी टेबलावर यादी येते आणि त्याच्या नावापुढे थकबाकी लिहिलेली असते. कायदा मोडला असे कुणालाच म्हणता येत नाही.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला खर्चही नाही. वर्गणी थेट संस्थेच्या बँक खात्यात भरता आली पाहिजे, आणि खाते क्रमांक सूचनाफलकावर लिहिलेला असला पाहिजे. सभेच्या किमान 30 दिवस आधी थकबाकीदारांची यादी त्याच फलकावर लागली पाहिजे, आणि सभेच्या आदल्या दिवसापर्यंत पैसे भरून हक्क परत मिळवण्याची मुभा हवी. सभासद यादीत नाव, सभासद क्रमांक, गाव किंवा वाडा, सभासदत्वाचा प्रकार, प्रवेशाची तारीख आणि वर्गणी कुठल्या सालापर्यंत भरली, एवढे सहा रकाने पुरेत. फोन, पूर्ण पत्ता, आधार क्रमांक त्यात नको. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाल्यापासून 'यादी दाखवता येत नाही' असे कारण नव्याने पुढे येऊ लागेल. हे सहा रकाने ठेवले तर त्याची अडचण पडू नये. नवीन अर्जाला तारखेची पोच द्यावी, 60 दिवसांत निर्णय कळवावा, नकार दिला तर कारण लेखी द्यावे, आणि त्यावर सर्वसाधारण सभेकडे दाद मागता यावी. ही चार वाक्ये घटनेत घातली की अर्धे काम होते.

यावर कार्यकारिणीतले लोक एक आक्षेप घेतात आणि तो गंभीर आहे. दार मोकळे सोडले तर निवडणुकीच्या तोंडावर कुणीतरी दोनशे माणसे घाऊक भरती करील, त्यांची वर्गणी स्वतःच्या खिशातून भरील आणि संस्था, तिची जागा, तिच्या ठेवी ताब्यात घेईल. गोव्यात जमिनीचे भाव पाहता ही भीती खोटी नाही. भर गावातली हजार चौरस मीटर जागा ज्या वाचनालयाच्या नावावर आहे, त्याच्यावर वाचनाची आवड नसलेल्यांचेही लक्ष असते. पण दार बंद करणे हा यावरचा उपाय नाही, कारण बंद दारामागे बसलेले सात-आठ लोकही तीच जागा विकू शकतात, आणि त्यांना अडवायला मग कुणी नसते. उपाय वेळेचा आहे. प्रवेश मिळाल्यापासून सहा महिने किंवा एक वर्ष मताचा हक्क नाही, असा नियम ठेवावा. नव्या नावांसाठी मतदार यादी निवडणुकीच्या 90 दिवस आधी गोठवावी. आणि स्थावर मालमत्ता विकणे, गहाण टाकणे, दीर्घ मुदतीच्या भाड्याने देणे यासाठी दोन सभा लागाव्यात. ही दोन सभांची कल्पना 1860 च्या कायद्यातच आहे. संस्थेचा उद्देश बदलायचा तर 12 वे कलम सांगते: प्रस्ताव दहा दिवस आधी सगळ्या सभासदांना पाठवा, खास सभेत तीन-पंचमांश मते मिळवा, आणि महिन्याभराने दुसऱ्या खास सभेत पुन्हा तीन-पंचमांश मिळवा. मधला तो महिना फार महत्त्वाचा असतो. त्या महिन्यात गावात बोलणे होते, मुंबईला असलेल्या सभासदाला फोन जातो, कुणीतरी जुना दस्त काढून वाचतो.

आता कोरम, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान उपस्थिती. घटनेत 'एक-तृतीयांश सभासद' असे लिहिलेले असते. समजा 240 सभासद आहेत, म्हणजे 80 हवेत. दहाच्या सभेला साडेदहापर्यंत एकोणीस जण जमतात: कार्यकारिणीचे अकरा आणि आठ त्यांच्या घरचे, शेजारचे. मग ठरलेले वाक्य म्हटले जाते, 'कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब, तीच सभा त्याच ठिकाणी, तहकूब सभेस कोरमची आवश्यकता नाही'. अकरा वाजता आठ टक्क्यांहून कमी सभासद मागच्या वर्षाचा हिशेब मंजूर करतात, पुढची तीन वर्षे कोण कारभार करणार ते ठरवतात, आणि हवे तर घटनाही बदलतात. सूचनापत्राच्या तळाशी तहकुबीचे हे वाक्य आधीच छापलेले असते. म्हणजे सूचना काढतानाच गृहीत धरलेले असते की लोक येणार नाहीत.

तहकूब सभेची सोय मुळात ठीक आहे. ती नसेल तर दहा माणसे घरी बसून संस्थेचे कामकाज अडवू शकतात. पण तिला मर्यादा हवी. तहकूब सभेला निदान कार्यकारिणीच्या संख्येच्या दुप्पट सभासद लागतील असे ठेवावे: अकराची कार्यकारिणी असेल तर बावीस. म्हणजे कार्यकारिणीबाहेरचे किमान अकराजण तिथे असतील. आणि घटनादुरुस्ती, मालमत्तेचा व्यवहार, सभासदाची हकालपट्टी हे तीन विषय तहकूब सभेत घेताच येऊ नयेत.

सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा विषय सगळीकडे एकच असतो: 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. तो शोकप्रस्ताव, अभिनंदन, सूचना यांच्यासाठी आहे. पण वर्गणी पाचपट वाढवणे, नवे आश्रयदाते सभासद करून घेणे, हॉल एखाद्याला पाच वर्षांच्या करारावर देणे, असले ठराव याच विषयाखाली येतात. तोपर्यंत एक वाजलेला असतो, लोक जेवायला उठलेले असतात. ज्या विषयाला पैसे लागतात किंवा ज्याने कुणाचा हक्क बदलतो, तो ऐनवेळी घेता येणार नाही, असे एक कलम घटनेत असावे. आणि इतिवृत्त पुढच्या वर्षी 'वाचून कायम' करण्याची पद्धत बंद करावी. बारा महिन्यांपूर्वी कोण काय बोलले हे कुणाच्या ध्यानात राहणार? सभेनंतर 15 दिवसांत कच्चे इतिवृत्त फलकावर लावावे, आणखी 15 दिवस हरकती घ्याव्यात आणि हरकतींसकट ते वहीत चिकटवावे. 'चर्चेअंती एकमताने मंजूर' हे एवढेच वाक्य जिथे दर विषयाखाली आहे, तिथे चर्चा काय झाली हे पुढच्या पिढीला कधीच कळणार नाही. विरोधात किती मते पडली, आक्षेप काय होता, हे दोन ओळींत लिहायला हवे.

व्हॉट्सअॅपने हे सगळे सोपे केले आणि थोडे बिघडवलेही. 'ग्रुपवर टाकलं होतं' ही आता सूचना समजली जाते. ग्रुपमध्ये कोण आहे हे अॅडमिन ठरवतो. साठीपुढचे अनेक सभासद त्यात नसतात, आणि अडचणीचे प्रश्न विचारणारे कधीतरी काढले गेलेले असतात. ग्रुप जरूर असावा. पण सूचना नोंदवहीतल्या प्रत्येक नावाला गेली पाहिजे, एसएमएसने, टपालाने किंवा हाती सही घेऊन, आणि ग्रुपवर आलेल्या अंगठ्याच्या खुणा मोजून ठराव मंजूर झाला असे कधीही धरू नये.

निवडणूक झालीच तर ती कशी होते? अकरा जागा, प्रत्येकाला अकरा मते, दोन पॅनेल. शंभर मतदारांपैकी 55 एका बाजूला, 45 दुसऱ्या बाजूला. पॅनेलचे मतदान शिस्तीने झाले तर निकाल अकरा-शून्य लागतो. पंचेचाळीस माणसे तीन वर्षे बाहेर बसतात. ती बाहेर बसली की संस्था फुटते, आणि त्याच गावात दुसरे मंडळ, दुसरा गणपती, दुसरे वाचनालय उभे राहते. गावे दुभंगायचे हे एक मोठे कारण आहे. साधा बदल करावा: जागा अकराच, पण प्रत्येकाला मते सातच. आता 55 जणांकडे मिळून 385 मते आहेत. ती त्यांनी कितीही हुशारीने वाटली तरी आठांहून जास्त उमेदवार ते निवडून आणू शकत नाहीत, कारण नववा घ्यायला गेले तर प्रत्येकाच्या वाट्याला 42-43 मते येतात आणि समोरच्या सात जणांना 45 आहेत. अल्पमताला तीन-चार जागा मिळतातच. हिशेब पाहणारे, प्रश्न विचारणारे तीन-चार जण आत बसलेले असणे, हे बाहेरून केलेल्या दहा तक्रारींपेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

मुदतीचा प्रश्न वेगळा. क्रिकेटच्या कारभारासाठी नेमलेल्या लोढा समितीने 2016 साली पदाधिकाऱ्यांच्या मुदतीवर बंधने घालण्याची आणि दोन मुदतींमध्ये सक्तीची विश्रांती घेण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने ती त्या वर्षी बव्हंशी मान्य केली आणि 2022 मध्ये सैल केली. करोडोंच्या संघटनेचा नियम आपल्या भजनी मंडळाला जसाच्या तसा लावू नये. लहान गावात माणसेच कमी असतात, आणि जो वीस वर्षे सचिव आहे तो बहुतेक वेळा पदरचे खर्चून राबलेला असतो. त्याला चोर ठरवून काही मिळणार नाही. पण वीस वर्षांत संस्थेची सगळी माहिती त्याच्या डोक्यात जाऊन बसते, आणि त्याला काही झाले तर मुदत ठेवींच्या पावत्या कुठे आहेत हेही कुणाला माहीत नसते. म्हणून सलग दोन मुदती, मग एक मुदत विश्रांती. आणि जाताना लेखी हस्तांतरण. त्या कागदावर नोंदणी प्रमाणपत्र, पॅन कार्ड, पासबुके, ठेवींच्या पावत्या परिपक्वतेच्या तारखांसह, धनादेश पुस्तके, पावतीपुस्तके कोरी आणि वापरलेली, शिक्का, इतिवृत्ताच्या वह्या, सभासद नोंदवही, ईमेलचा पासवर्ड, हॉलच्या किल्ल्या किती, हार्मोनियम आणि साउंड सिस्टम कुठे, हे सगळे लिहून दोघांच्या सह्या व्हाव्यात.

पैशांबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती नवी आहे. चवथीची किंवा जत्रेची देणगी आता क्यूआर कोडने येते, आणि तो कोड पुष्कळदा खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा असतो. संस्थेच्या खात्याचा कोड काढायला बँकेत ठराव, पॅन आणि सह्या लागतात, तेवढा वेळ कुणाला नसतो. खजिनदार प्रामाणिक असला तरी त्याच्या पगारात देणगी मिसळते, प्राप्तिकराच्या नजरेत ते त्याचे उत्पन्न दिसू शकते, आणि वर्षाने हिशेब लावताना त्याचीच मान अडकते. लकी ड्रॉच्या कुपनांचेही तेच: किती छापली, किती विकली, किती परत आली, हे तीन आकडे आणि स्थळप्रती नसतील तर सगळा जमाखर्च अंदाजावर उभा राहतो.

गोव्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, जी महाराष्ट्रातल्या वाचकाला पटकन ध्यानात येणार नाही. आमच्या काही सर्वांत जुन्या सभासद-संस्थांत प्रवेश जन्माने मिळतो. कोमुनिदादींचा, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थांचा, कारभार 1961 च्या पोर्तुगीज संहितेने चालतो, देवस्थानांचा महाजनी कायद्याने, आणि मामलेदार देवस्थानांचा प्रशासक असतो. गावकार (कोमुनिदादीचा सभासद) किंवा महाजन (देवस्थानाचा सभासद) होणे परंपरेने पुरुष वंशजांपुरते राहिले. इथे 'सगळ्यांना सभासद करा' म्हणून भागणार नाही. घरातल्या मुलींचा हक्क हा स्वतंत्र आणि तातडीचा वाद आहे. पण या संस्थांनाही यादी आहे, महाजनांचा कातालोग आहे, आणि तो उघडा ठेवायला कुठली परंपरा आड येत नाही. मूळ नियम पोर्तुगीजमध्ये, संस्थांच्या घटना इंग्रजीत, आणि सभासद वाचणारे मराठी-कोकणी. घटनेची मराठी प्रत प्रत्येक सभासदाच्या हाती असेल तर मुखत्याराचा, म्हणजे संस्थेच्या वतीने काम पाहणाऱ्या प्रतिनिधीचा, अधिकार कुठे संपतो आणि समितीचा कुठे सुरू होतो, हे निदान लोकांना वाचता येईल.

यादी चुकली की काय होते, ते खाजन शेतीत, म्हणजे बांध घालून खारे पाणी अडवलेल्या खाडीकाठच्या शेतीत, डोळ्यांनी दिसते. 1964 च्या कूळ कायद्यानंतर 1975 च्या नियमांनी बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडायची दारे) सांभाळायचे काम कुळांच्या संघांकडे, म्हणजे टेनंट्स असोसिएशनांकडे आले. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि पैसा संघाकडे येतो. यादीत वारलेल्यांची नावे तशीच असतात, शेती कधीच सोडलेल्यांची असतात. जो आज नांगर धरतो त्याचे नाव अनेकदा नसते. मग समितीत मासळीच्या पावणीत रस असलेले लोक भरतात, भाताची चिंता असलेले बाहेर राहतात. मासळीसाठी मानशीच्या फळ्या नको त्या वेळी उचलल्या जातात, खारे पाणी शेतात येते, आणि मिठाने मारलेली ती जमीन पुन्हा गोडी व्हायला काही पावसाळे जातात. दर तीन वर्षांनी वारसांची नावे चढवून यादी ताजी केली असती, तर फळी कधी उचलायची हे ठरवताना भात लावणारा माणूस खोलीत असता.

विरोध करणाऱ्याला काढून टाकण्याचा मार्गही अनेक ठिकाणी वापरला जातो. बेळगावच्या एका लॉजमधून, म्हणजे फ्रीमेसन बंधुसंघाच्या शाखेतून, सभासदाला काढल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. तिथे न्यायालयाने तत्त्व स्पष्ट केले: संस्था आपल्या नियमांनी बांधलेली आहे, हकालपट्टी त्या नियमांप्रमाणे, सद्हेतूने आणि सभासदाला म्हणणे मांडण्याची रास्त संधी देऊनच व्हायला हवी. लेखी आरोप, उत्तराला 15 दिवस, समोरासमोर सुनावणी, कारणांसह निर्णय, सर्वसाधारण सभेकडे अपील, एवढे घटनेत असले तर कोर्टाची पायरी चढायची वेळ कमी येईल.

हे सगळे कार्यकारिणी आपण होऊन करील याची वाट पाहू नये. यंदाच्या सभेची सूचना हातात आली की सभासदाने साध्या कागदावर दोन प्रतींत एवढे लिहावे: 'मी संस्थेचा सभासद क्रमांक अमुक. सभासद नोंदवही, थकबाकीदारांची यादी आणि मागील सभेचे इतिवृत्त सभेपूर्वी कार्यालयात पाहण्याची तारीख व वेळ मला कळवावी. तसेच, सभासद यादी दरवर्षी सूचनाफलकावर लावावी हा ठराव कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा.' खाली सही, तारीख, आणि आणखी चार सभासदांच्या सह्या. एक प्रत सचिवाला द्यावी, दुसरीवर पोच घ्यावी. पोच दिली नाही तर तोच कागद स्पीड पोस्टने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.